होऊन गेलेला करोना आणि टोचलेली लस



या सदरात आपण पेरणी, खते, फवारणी आणि जनावरांची निगा यांच्या गोष्टी करतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण तो निघाला गोठ्यातूनच. लाळ्या-खुरकुताच्या लसीसाठी गावात बैठक घेतली की एखादा तरी शेतकरी उठून विचारतो, "साहेब, माझ्या गाईला मागल्या साली लाळ्या होऊन गेला. आता तिला सुई कशाला?" त्याचे उत्तर देऊन होते न होते तोच मागच्या रांगेतून एखादे आबा विचारतात, "अन् मला करोना होऊन गेल्यावर सुई टोचली, ती वाया गेली म्हणायची का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. एकदा रोग होऊन गेला म्हणजे अंगात शक्ती आली, मग लस कशाला, असे साध्या माणसाला वाटणारच. काही मंडळींनी याच विचाराने लस घेतली नाही. काहींनी एक घेतली आणि दुसरी टाळली. उलट काहींना वाटते, रोगही झाला, लसही झाली, आता आपल्याला काहीच होणार नाही. या दोन्ही समजुतींत थोडे खरे आहे आणि थोडे घातक आहे. ते निवडून वेगळे काढावे म्हणून आजचा लेख.

आबांना थोडक्यात उत्तर द्यायचे तर असे, "नाही आबा, तुमची सुई वाया गेली नाही. ज्याला आधी रोग होऊन गेला त्याच्या अंगी तीच सुई जास्त लागू पडली." हे कसे, ते आता सविस्तर पाहू. मी शेतकीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा. मात्र हा विषय समजायला अवघड नाही, आणि बियाणे व जनावरे सांभाळणाऱ्याला तर तो लवकर समजतो.

मागचा हिशेब

भारतात करोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला. महाराष्ट्रात ९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले रुग्ण आढळले. लसीकरण सुरू झाले १६ जानेवारी २०२१ रोजी. आधी दवाखान्यातील कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, असा क्रम होता. आपल्याकडे मुख्यतः दोन लसी आल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशिल्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेली कोव्हॅक्सिन. दुसरीच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा हात होता.

आता तारखा जरा जुळवून पाहा. तरण्या माणसांना लस खुली झाली मे महिन्यात, आणि दुसरी मोठी लाट गावोगाव पसरली एप्रिल-मे मध्येच. म्हणजे पुष्कळ लोकांच्या दारी लसीच्या आधी रोगच येऊन गेला.

हे केवळ अंदाजाने म्हणत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशातील ७० जिल्ह्यांत सुमारे २९ हजार लोकांचे रक्त तपासले. त्यात आपल्या राज्यातील बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हे सहा जिल्हे होते. तपासलेल्या दर शंभरांत ६७.६ लोकांच्या रक्तात करोनाशी झुंजणारे घटक सापडले. ज्यांनी एकही लस घेतली नव्हती त्यांच्यातही हे प्रमाण शंभरात ६२.३ होते. लस नाही आणि तरी हे घटक आहेत, याचा अर्थ एकच. रोग येऊन गेला होता. कुणाला चार दिवस ताप आला, कुणाला नुसती कणकण वाटली, तर कुणाला काहीच कळले नाही.

तेव्हा "आधी रोग, मग लस" ही गोष्ट एखाद-दुसऱ्याची नाही. आपल्या बहुतेक घरांची आहे.

शरीराची राखण

ज्वारी हुरड्यात आली की आपण रानात माळा घालतो. माळ्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो. पाखरांचा थवा उतरला की गोफण सुटते. आपल्या रक्तातही असे राखणदार असतात. डॉक्टर त्यांना अँटिबॉडी म्हणतात, मराठी पुस्तकांत त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. करोनाच्या विषाणूच्या अंगावर सगळीकडे काटे असतात. त्या काट्यांनीच तो आपल्या पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. प्रतिपिंडे जाऊन नेमकी त्या काट्यांना बिलगतात. काटा झाकला गेला की विषाणूला आत शिरायला वाट राहत नाही.

पण राखणदार बारा महिने माळ्यावर बसत नाही. सुगी झाली की तो घरी जातो. प्रतिपिंडेही रोगानंतर किंवा लसीनंतर काही महिन्यांत कमी होऊ लागतात. यात भिण्यासारखे काही नाही, ही शरीराची रीतच आहे. राखणदार घरी गेला तरी चोराचा चेहरा विसरत नाही. शरीरात आठवण धरून ठेवणाऱ्या पेशी असतात. तोच शत्रू पुन्हा आला की त्या जाग्या होतात आणि थोड्याच दिवसांत नवी प्रतिपिंडे तयार करून देतात. पहिल्या वेळी ओळख नसते, म्हणून शरीराला तयारीला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात रोग हातपाय पसरतो. दुसऱ्या वेळी तेच काम लवकर उरकते.

याशिवाय आणखी एक फळी असते. भेंडीत केवड्याचे झाड दिसले की आपण ते उपटून जाळतो, म्हणजे रोग पुढच्या झाडांवर जात नाही. तशाच काही पांढऱ्या पेशी, विषाणू आत शिरलेल्या आपल्याच पेशी शोधून नष्ट करतात. विषाणूने रूप बदलले तरी या पेशी सहसा फसत नाहीत. अंगावर रोग आला तरी तो फुफ्फुसापर्यंत जाऊन जिवावर बेतू नये, याचे पुष्कळ श्रेय या फळीचे आहे.

निवडलेले बियाणे

आता मुख्य गोष्ट. रोग बरा झाला, माणूस कामाला लागला, तरी शरीराचे आतले काम थांबत नाही. काखेत, मानेत, जांघेत ज्या गाठी असतात, त्यांत पुढे काही महिने एक निवड चालू राहते.

आपले जुने शेतकरी बियाण्यासाठी कणसे कशी निवडत, ते आठवा. सगळ्या रानातून भरदार, एकसारखी, कीड नसलेली कणसे बाजूला काढायची. पुढल्या साली तेच बी पेरायचे आणि त्यातून पुन्हा चांगलीच कणसे निवडायची. चार सालांत वाण सुधारते. शरीरही असेच करते. आठवणीच्या पेशींत थोडाथोडा फरक होत जातो. ज्या पेशीची पकड विषाणूच्या काट्यावर जास्त घट्ट, ती राखली जाते. जिची पकड सैल, ती मागे पडते. काही महिन्यांनी जे बी हाती राहते ते पहिल्यापेक्षा सरस असते.

अशा वेळी लस टोचली म्हणजे निवडलेल्या बियाण्याला घातीवर पाऊस मिळाला असे समजावे. सरस पेशी एकदम वाढतात आणि उत्तम प्रतिपिंडांचे भरघोस पीक येते.

यावरून मे २०२१ मधला सरकारी नियमही समजेल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तेव्हा सांगितले होते की करोना झालेल्याने बरे झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्यावी. पहिल्या लसीनंतर करोना झाला तर दुसरी लसही बरे झाल्यावर तीन महिन्यांनीच घ्यावी. त्या वेळी पुष्कळांना वाटले की लसीचा तुटवडा आहे म्हणून हे चालले आहे. लस कमी होती हे खरेच. पण नियमात शास्त्रही होते. रोगानंतर लगेच रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात. तेव्हा लस दिली तर ती लसीलाच झाकून टाकतात आणि शरीराला नवे काही शिकता येत नाही. शिवाय निवडीचे कामही अर्धवट असते.

हा अनुभव आपल्याला गोठ्यात आहेच. लस दिलेल्या गाईच्या वासराला लाळ्या-खुरकुताची पहिली लस आपण जन्मतःच देत नाही, चौथ्या महिन्यात देतो. कारण चिकातून आईची प्रतिपिंडे वासराला मिळालेली असतात. ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ती ओसरली की लस घेते. महिन्याने दुसरा डोस देतो आणि पुढे दर सहा महिन्यांनी. घात साधून पेरावे तशी लसही घात साधून द्यावी लागते.

वळवाचा पाऊस आणि पाटाचे पाणी

रोगाने मिळणारी शक्ती आणि लसीने मिळणारी शक्ती यांत एक मोठा फरक आहे. रोग म्हणजे वळवाचा पाऊस. एकाच्या रानात ताल फुटेपर्यंत बरसतो आणि बांधापलीकडे थेंब पडत नाही. करोना होऊन गेलेल्या काहींच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर सापडली, सौम्य आजार झालेल्या अनेकांत कमी सापडली, तर काहींत मोजण्याइतकीही नव्हती. "मला होऊन गेला" एवढ्यावरून आपल्या वाट्याला किती आले हे कुणालाच सांगता येत नाही. लस म्हणजे पाटाचे पाणी. ठरलेल्या पाळीला, मोजून मिळते.

पण रोगाच्या धड्यातही एक गुण आहे. कोव्हिशिल्ड शरीराला फक्त विषाणूच्या काट्याची ओळख करून देते. कोव्हॅक्सिनमध्ये सबंध विषाणू असतो, पण मेलेला. रोगात मात्र शरीराला जिवंत विषाणूचे सगळे अवयव दिसतात. शिवाय तो नाका-घशातून येतो, म्हणून नाका-घशाच्या आतल्या ओल्या अस्तरातही पहारा तयार होतो. दंडात टोचलेल्या लसीने हा वेशीवरचा पहारा तितका बसत नाही.

दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शास्त्रज्ञांनी याला नाव दिले आहे संकरित प्रतिकारशक्ती, म्हणजे हायब्रीड. हे नाव आपल्यापासूनच उचललेले आहे म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शेन क्रॉटी नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी जून २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या विषयावर लेख लिहिला. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की रोप जास्त जोमदार निघते, तसाच हा प्रकार आहे, असा दाखला त्यांनी दिला. आपल्याकडे सी.एस.एच. १ ही संकरित ज्वारी १९६४ साली आली. पहिल्या साली तिची कणसे पाहून जुनी माणसे कशी चकित झाली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

आकडे काय सांगतात

न्यूयॉर्कमधील माउंट सिनाई या वैद्यकीय संस्थेने २०२१ मध्ये पाहणी केली. ज्यांना आधी करोना होऊन गेला होता, त्यांच्या रक्तात पहिल्या लसीनंतरची प्रतिपिंडे, रोग न झालेल्यांच्या तुलनेत १० ते ४५ पट आढळली. तिकडच्या लसी निराळ्या जातीच्या होत्या. आपल्या कोव्हॅक्सिनबद्दल चेन्नईतील आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी वैद्यकीय संशोधन परिषदेने केली. तिथेही आधी रोग होऊन गेलेल्यांना एका डोसाने जेवढी प्रतिपिंडे मिळाली, ती रोग न झालेल्यांच्या दोन डोसांच्या बरोबरीची होती. फ्रान्सने तर फेब्रुवारी २०२१ मध्येच, रोग होऊन गेलेल्यांना एकच डोस पुरेसा मानावा, असा सल्ला दिला.

आपल्याकडे दोन्ही डोस सर्वांनाच देण्यात आले. माझ्या मते ते योग्यच झाले. गावात किती जणांची तपासणी झाली होती? कुणाचा ताप करोनाचा आणि कुणाचा साधा, हे कोण ठरवणार होते?

प्रतिपिंडे वाढली हे ठीक, पण प्रत्यक्षात फायदा झाला का? अमेरिकेतील केंटकी राज्यात २०२० मध्ये करोना होऊन गेलेल्या लोकांची मे-जून २०२१ मध्ये पाहणी झाली. त्यातील ज्यांनी लस घेतली नव्हती, त्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता लस घेतलेल्यांच्या मानाने २.३४ पट निघाली. ब्रिटनमध्ये दवाखान्यांतील ३५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्यात आले. नुसत्या रोगाने मिळालेले संरक्षण वर्षानंतर उतरू लागले. रोगानंतर लस घेतलेल्यांचे मात्र दीड वर्षानंतरही शंभरात नव्वदच्या वर टिकले होते.

ही गोष्ट ओमिक्रॉनच्या आधीची. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला आणि चित्र थोडे बदलले. त्यानंतरच्या २६ पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात आला. तो नीट वाचण्यासारखा आहे.

नुसता रोग होऊन गेलेल्यांना वर्षभरानंतर, दवाखान्यात भरती व्हावे लागेल अशा आजारापासून शंभरात ७४.६ इतके संरक्षण उरले होते. रोग आणि लस दोन्ही झालेल्यांना ते ९७.४ होते. पण पुन्हा लागण होण्यापासूनचे संरक्षण मात्र वर्षाने पहिल्या गटात २४.७ वर आणि दुसऱ्या गटात ४१.८ वर आले होते.

या चार आकड्यांत सगळे सार आहे. दोन्ही धडे मिळालेल्या माणसाला सर्दी-ताप-खोकल्याचा करोना पुन्हा होऊ शकतो, आणि अनेकांना झालाही. पण तो प्राणवायूच्या नळीपर्यंत जाण्याची शक्यता फार कमी होते. लसीकडून अपेक्षा करायची ती हीच.

मग पुन्हा का होतो?

याचेही उत्तर गोठ्यातच आहे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू एकच नाही. आपल्या देशात त्याचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार आढळतात. ओ प्रकाराचा लाळ्या होऊन गेलेल्या गाईला ए प्रकाराचा पुन्हा होऊ शकतो. म्हणून आपल्या लसीत तिन्ही प्रकार घातलेले असतात, आणि "मागल्या साली होऊन गेला" म्हणून लस टाळणे चुकीचे ठरते. सभेत उठणाऱ्या त्या शेतकऱ्याला माझे उत्तर हेच असते.

करोनाही रूपे बदलत आला. आधी मूळ विषाणू होता, मग डेल्टा आला, मग ओमिक्रॉन आणि त्याची पिलावळ. चोराने पागोटे बदलले की माळ्यावरचा राखणदार घटकाभर गोंधळतो, आणि तेवढ्यात चोर बांध ओलांडतो. पण ज्याने चोराला दोन-तीनदा पाहिले आहे, तो त्याला चालीवरून ओळखतो. रोग आणि लस दोन्ही मिळालेल्यांची प्रतिपिंडे बदललेल्या रूपांनाही जास्त प्रमाणात ओळखतात, असे दिसून आले आहे.

संकरित बियाण्याचा आणखी एक धर्म आपल्याला माहीत आहे. त्याचा जोम पिढ्यान् पिढ्या टिकत नाही, बी नवे घ्यावे लागते. ही संकरित शक्तीही कायमची नाही. तरण्या, धडधाकट माणसाला ती पुष्कळ दिवस पुरते. सत्तरीच्या म्हाताऱ्या माणसाला, साखरेच्या रोग्याला, मूत्रपिंडाच्या दुखणाईताला तितकी पुरत नाही.

जे हिशेबात येत नाहीत

आता एक गोष्ट मन घट्ट करून सांगतो. दोन्हींच्या संकराने शक्ती जास्त येते, हे ऐकून कुणी म्हणेल, मग रोग झालेला बराच की! हा विचार मनातही आणू नये.

वरच्या सगळ्या पाहण्या रोगातून उठलेल्या माणसांच्या आहेत. जे उठले नाहीत, ते त्या आकड्यांत नाहीत. सरकारी नोंदीप्रमाणे करोनाने महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार आणि देशात पाच लाखांहून अधिक माणसे गेली. २०२१ च्या उन्हाळ्यात किती घरांतला कर्ता माणूस गेला, किती मुली-सुना चाळिशीच्या आत पांढऱ्या कपाळाने खरिपाच्या पेरणीला उभ्या राहिल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. सातबारावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालणाऱ्या त्या बहिणी अजूनही भेटतात. रोगाची शिकवणी फी फार जबर आहे, आणि ती कुणाकडून किती घेतली जाईल याचा भरवसा नाही. लस तोच धडा थोड्या तापावर आणि दुखऱ्या दंडावर शिकवते.

म्हणून क्रम कोणता चांगला असे विचाराल, तर आधी लस. पुढे कधी रोग झालाच, तर तो सहसा सौम्य होतो आणि त्यातूनही हीच संकरित शक्ती तयार होते. पीक तेच, फक्त जोखीम कमी.

नेहमीचे प्रश्न

मला करोना झाला होता की नाही, ते माहीत नाही. आता काय?

काही बिघडत नाही. लस घेण्याआधी रक्त तपासून प्रतिपिंडे मोजण्याची गरज नाही. रोग झालेला असेल तर लस जास्त लागू पडेल. झालेला नसेल तर लसीची गरजच जास्त.

रोग होऊन गेलेल्यांना लसीनंतर जास्त ताप का आला?

पुष्कळांना पहिल्या लसीनंतर थंडी-ताप आला, अंग मोडून आले. आठवणीच्या पेशी लगेच जाग्या झाल्या त्याची ती खूण होती. एक-दोन दिवसांत बहुतेकांना बरे वाटले. पण ज्यांना ताप आला नाही त्यांना लस लागली नाही, असे मात्र मुळीच नाही.

आमच्या घरी सर्वांना रोगही झाला आणि दोन-दोन लसीही झाल्या. आता निर्धास्त राहावे का?

तरण्यांनी फार चिंता करू नये. घरातील म्हाताऱ्या व दुखणाईत माणसांच्या बाबतीत मात्र निर्धास्त राहू नये.

घरी काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आपल्याकडची मोठी लसीकरण मोहीमही संपली आहे. पण विषाणू गेलेला नाही, अधूनमधून डोके वर काढतो. तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे.

पहिली गोष्ट, लसीचे दाखले आणि त्या काळातील तपासणीचे कागद पासबुकाच्या पिशवीत जपून ठेवावेत. कोणाला कधी रोग झाला व कधी लस घेतली, हे वहीच्या एका पानावर लिहून ठेवावे. गाईच्या व्यायल्याच्या तारखा आपण लिहितो, मग माणसांच्या का लिहू नयेत?

दुसरी, घरात साठीच्या पुढचे, साखर, रक्तदाब, हृदय, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले कुणी असेल, तर आणखी डोस घ्यावा का हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. आधी रोग केव्हा झाला, हे त्यांना आवर्जून सांगावे. अंतर त्यावर ठरते.

तिसरी, घरात कुणाला ताप-खोकला असेल तर त्याने चार दिवस आजी-आजोबांपासून दूर झोपावे, तोंडाला फडके बांधावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आपल्याला सौम्य वाटणारा रोग त्यांना जड जाऊ शकतो.

चौथी, धाप लागली, छाती भरून आली, ओठ निळसर दिसू लागले किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर अंगारा-धुपारा आणि गावठी उपाय बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. "लस झालीय, काही होत नाही" म्हणून दिवस घालवू नयेत.

पाचवी, गोठ्याची. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचून घ्यावी, आणि पावसाळ्याआधी घटसर्प व फऱ्याची. मागे रोग होऊन गेलेली निरोगी जनावरेही त्यातून वगळू नयेत. आजारी जनावराला लस देऊ नये. ते बरे झाल्यावर पशुवैद्यकीय डॉक्टर सांगतील तेव्हा द्यावी. तापलेल्या अंगावर नव्हे, सावरलेल्या अंगावर लस लागू पडते. माणसाचे आणि जनावराचे शास्त्र इथे एकच आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. आपले शरीर तर स्वतःला लागलेली ठेचही विसरत नाही आणि दुसऱ्याने दाखवलेला दगडही ध्यानात ठेवते. दगड दाखवायचे काम लस करते. म्हणून आबांसारखे कुणी विचारील, "मला होऊन गेला, आता सुई कशाला?" तर त्यांना शांतपणे सांगावे, "होऊन गेला म्हणूनच ती तुम्हाला जास्त गुणाची आहे."

पुढच्या अंकात रब्बी कांद्याच्या रोपवाटिकेबद्दल. तोवर रामराम.